फ्लॉवर, पानांशिवाय

आमच्या इमारतीच्या सूचनाफलकावर आजवर पाणी बंद राहण्याच्या वेळा, लिफ्टमध्ये सायकल नेऊ नये असा इशारा आणि हरवलेल्या मांजरांची वर्णने, एवढेच लागत आले आहे. त्या फलकावर एके दिवशी ‘अभ्यासक’ या पदवीसह माझे नाव लागेल आणि त्यापायी एका निरपराध भाजीवाल्याच्या दारात वजनमापे खात्याचा निरीक्षक उभा राहील, असे मला कुणी आधी सांगितले असते, तर मी त्या माणसाला बसायला खुर्ची दिली असती, प्यायला पाणी दिले असते आणि हळूच त्याच्या घरच्यांना फोन केला असता.

मी निवृत्त ग्रंथपाल आहे. ग्रंथपालाला दोन गोष्टी येतात: स्वतः गप्प बसणे आणि इतरांना गप्प बसवणे. यांतली दुसरी मला संसारात कधी वापरायला मिळाली नाही. पहिलीची मात्र इतकी सवय झाली आहे, की सख्ख्या मुलाशी चार वाक्ये बोलायची तरी मला तयारी करावी लागते.

मुलगा परदेशात असतो. दर रविवारी सकाळी त्याचा फोन येतो. फोन आधी ही घेते. गुडघा, औषधे, नातीचे दात, कुणाचे लग्न ठरले, कुणाचे मोडले, असे जगातले सगळे विषय ती एकटी वापरून टाकते आणि मग उरलेला रिकामा फोन माझ्या हातात देते. “घ्या. बोला.”

“बरा आहेस ना?” मी विचारतो.

“हो. तुम्ही?”

“मी बरा.”

यानंतर आम्ही दोघे एकमेकांचा श्वास ऐकतो. बोलण्याच्या बाबतीत पोरात आईचे काही उतरलेले नाही. थोड्या वेळाने तो म्हणतो, “बरं मग, ठेवू?” मी म्हणतो, “ठेव.” आणि फोन ठेवल्याबरोबर बोलायच्या सगळ्या गोष्टी मला आठवू लागतात. अगदी अकारविल्हे आठवतात.

असाच एका रविवारी त्याचा ‘ठेवू?’ येण्याच्या बेतात होता आणि ही समोर टोमॅटो चिरत होती. बुडत्या माणसाच्या हाताला जे लागेल ते खरे. मी म्हणालो, “तिकडे टोमॅटो काय भाव आहेत रे?”

तो म्हणाला, “काय सांगू बाबा!”

शाळेत असल्यापासून त्याने मला ‘काय सांगू’ असे म्हटले नव्हते. त्याने टोमॅटोचे सांगितले, मग बटाट्याचे, मग लोण्याचे. अंडी तिकडे दहाच्या खोक्यात येतात आणि आपल्याकडे डझनाने, त्यामुळे आधी दोन अंडी वजा करावी लागली आणि त्यात आमचा बराच वेळ सुखात गेला. फोन ठेवला तेव्हा हिचे टोमॅटो शिजून खाली उतरले होते. “आज एवढं काय बोलत होता?” तिने विचारले. “महागाई,” मी म्हणालो. आवाजातला आनंद लपवायला हवा होता. तो लपला नाही.

तेव्हापासून आमचे ठरून गेले. आठवडाभर मी इकडचे भाव गोळा करायचे, त्याने तिकडचे. रविवारी दोन्ही देश समोरासमोर ठेवायचे. इकडे तेल चढले की तिकडे चीज चढायचे. कारणेही सारखीच असत. कुठे पाऊस जास्त झाला, कुठे कमी, कुठे लढाई, कुठे डिझेल. दोन्हीकडच्या बायका दुकानातून बाहेर पडताना एकच वाक्य म्हणतात असे आमच्या लक्षात आले, फक्त भाषा वेगळी.

इथे मला एक लाजिरवाणी गोष्ट सांगितली पाहिजे. भाव चढले की मला बरे वाटू लागले. सगळी रांग हळहळत असताना माझ्या मनात येई, चला, रविवारची सोय झाली. एकदा एका बाईने अर्धा कोबी मागितला. पुरा परवडत नाही हे तिने सांगितले नाही आणि भाजीवाल्याने विचारले नाही. त्याने गुपचूप सुरी घेतली आणि कोबी कापून दिला. मी नजर दुसरीकडे वळवली. पण त्याच वेळी मनातल्या मनात तो अर्धा कोबी मी मुलाला सांगायला उचलूनही ठेवला होता. मी चांगला माणूस आहे की नाही, याबद्दल माझे मत पूर्वीपासूनच फारसे पक्के नाही.

तर फ्लॉवर. त्या रविवारी बोलणे लवकर आटपत आले होते आणि मुलगा एकदम म्हणाला, “फ्लॉवर मात्र इथे स्वस्त आहे हं बाबा. तुमच्या निम्म्यात.”

“निम्म्यात? पानांसकट?”

“अं? नाही, पानांशिवाय. साफ करून पिशवीत घालून ठेवतात.”

“मग ही तुलना चुकली. आमच्याकडे पानं आणि दांडा धरून तोलतात.”

“चुकलीच की!” तो उत्साहाने म्हणाला. “तुम्ही तिथे पानं काढून तोलून बघा ना.”

एकाच पुस्तकाच्या दोन आवृत्त्यांची पाने ताडून न पाहता त्यांच्याविषयी बोलणाऱ्यांचा मला आयुष्यभर राग आला आहे. मी दुसऱ्याच दिवशी खाली गेलो.

आमच्या इमारतीला लागूनच भाजीचे दुकान आहे. भाजीवाला माझ्याहून फार तर आठदहा वर्षांनी लहान असेल, पण तो मला ‘आजोबा’ म्हणतो. मी कधी हरकत घेतलेली नाही.

“एक फ्लॉवर द्या,” मी म्हणालो. “पण आधी आहे तसा तोला. मग पानं आणि दांडा काढून तोला. मग पानं वेगळी तोला.”

“आजोबा, फ्लॉवर न्यायचाय की त्याचं ऑपरेशन करायचंय?”

“तुलना करायची आहे. परदेशातल्या फ्लॉवरशी.”

त्याने काट्यावरचा हात काढून कमरेवर ठेवला. “काय म्हणणं काय आहे त्या फ्लॉवरचं?”

मागून एक बाई म्हणाली, “अहो, माझं दूध गॅसवर आहे!” पण भाजीवाला भला माणूस. त्याने फ्लॉवर तिन्ही प्रकारे तोलला. तिसरा हिस्सा पानांचा आणि दांड्याचा निघाला. मी मनातल्या मनात हिशेब केला आणि दुर्दैवाने उत्तर मोठ्याने बोललो. “म्हणजे तिप्पट! आपला फ्लॉवर परदेशाच्या तिप्पट पडतो!”

रांगेत आमच्या समोरच्या घरातले प्राध्यापक उभे होते. ते अर्थशास्त्र शिकवतात. “चलन बदलून तुलना करणं हा पोरखेळ आहे,” ते म्हणाले. “एका फ्लॉवरसाठी माणसाला किती वेळ राबावं लागतं, हे माप खरं. तुमच्या मुलाला किती मिनिटं लागतात?”

“विचारतो.”

“आणि तुम्हाला?”

“मी निवृत्त आहे. मी काहीच करत नाही.”

प्राध्यापकांनी डोळे मिटले. “म्हणजे तुमच्या बाबतीत फ्लॉवर एक तर फुकट आहे, नाही तर तो तुम्हाला कधीच परवडणार नाही.”

“फुकट नाहीये,” भाजीवाल्याने तेवढे स्पष्ट केले.

प्राध्यापकांच्या मागे आमचे चिटणीस होते. इमारतीच्या कारभारात आपण काहीतरी भव्य करावे, ही त्यांची जुनी तळमळ आहे. जिन्यात त्यांनी मला गाठले. “साहेब, हे लिहून द्या ना. लोकांना कळू दे.”

निवृत्तीनंतर मला कुणी साहेब म्हटले नव्हते. मी पानभर लिहून दिले. त्याखाली हवामान, वाहतूक, कर, दुकानाचे भाडे, आणि मिनिटांविषयी प्राध्यापकांचे मत, अशा तळटिपा दिल्या. एका फ्लॉवरवरून देशाविषयी काही म्हणता येत नाही, असेही एका तळटिपेत होते. संध्याकाळी फलकावर लाल शाईत मथळा झळकला: ‘आपला भाजीवाला परदेशाच्या तिप्पट! एक अभ्यास.’ खाली ‘अभ्यासक’ म्हणून माझे नाव आणि घराचा नंबर. तळटिपा नव्हत्या.

“जागा कुठे होती?” चिटणीस म्हणाले. “शेजारी मांजर आहे ना.”

दोन दिवसांत लोक भाजीवाल्याकडे परदेशाच्या भावाने भाजी मागू लागले. “मग परदेशातून आणा की,” तो म्हणे. “पिशवी घ्या आणि विमानात बसा.” पण त्याचा आवाज हळूहळू बसत गेला, कारण लोक विमानात नाही तरी पुलापलीकडच्या मोठ्या दुकानात जाऊ लागले. मी खिडकीच्या पडद्याआडून बघत असे. तो कुणी न नेलेल्या फ्लॉवरवर पाणी मारी, ते उलटेसुलटे करी, चांगली बाजू पुढे ठेवी. मग पुन्हा पाणी मारी.

ही भाजीला गेली आणि तरातरा परत आली. पिशवीतून तिने एक जुडी काढून माझ्यासमोर ठेवली. फ्लॉवरची नुसती पाने होती, दोऱ्याने नीट बांधलेली.

“म्हणाला, ही साहेबांच्या अभ्यासाला. फुकट.”

मी जुडी उचलून बाजूला ठेवली.

“चांगला माणूस आहे हो तो. माझा गुडघा दुखला की जिना चढून भाजी देऊन जायचा. आता मी कुठल्या तोंडाने सांगू त्याला?”

पुढे कुणीतरी नाव न सांगता वजनमापे खात्याला फोन केला आणि माझ्या अभ्यासाचा हवाला दिला. निरीक्षक आला. त्याने काटा तपासला. काटा बिनचूक होता. पण प्रकरणाची फाईल उघडली गेली होती, ती मिटायला तक्रारदाराची सही हवी होती आणि कागदोपत्री सापडण्यासारखे नाव एकच होते. मला बोलावणे आले.

मी नाक मुठीत धरून त्या कार्यालयात गेलो. खिडकीत एक बाई होत्या.

“मी तक्रार केलेली नाही,” मी म्हणालो.

“मग मागे घ्या.”

“केलीच नाही, तर मागे काय घेऊ?”

“तेच सांगतेय काका. मागे घ्यायची तर आधी केलेली पाहिजे. हा अर्ज भरा तक्रारीचा. मग तो घेऊन त्या पलीकडच्या खिडकीत मागे घ्या.”

“पण तक्रार काय लिहू?”

“काहीही लिहा हो. मागेच घ्यायचीय ना?”

मला त्यात एक प्रकारची तर्कशुद्धता दिसली, हा माझा स्वभावदोष आहे. मी सुवाच्य अक्षरात तक्रार लिहिली, सही केली, बाईंनी शिक्का मारून अर्ज ठेवून घेतला आणि मी पलीकडच्या खिडकीत गेलो. खिडकी बंद होती. तिथले गृहस्थ भाचीच्या लग्नाला गेले होते, पुढच्या आठवड्यात येणार होते. मी पहिल्या खिडकीत परत आलो. अर्ज पुढे गेला होता. ज्या कार्यालयात पंखा दुरुस्त व्हायला वर्ष लागत असावे, तिथून माझी तक्रार त्याच दिवशी भाजीवाल्याच्या हातात पोचली.

मी बसमधून उतरलो तेव्हा तो दुकानात बसून ती वाचत होता. मी जवळ जाऊन उभा राहिलो.

“अक्षर छान आहे तुमचं, आजोबा,” तो म्हणाला.

त्याने मला शिव्या घातल्या असत्या तर बरे झाले असते.

“अहो, ती मागे घेण्यासाठी केलेली तक्रार आहे,” मी कसेबसे म्हणालो. हे वाक्य किती मूर्खपणाचे आहे, ते उच्चारल्यावरच कळते. त्याने कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

“कांदा काय भाव?” मी विचारले.

“पाहिजे तर घेऊन जा. भाव नाही सांगणार तुम्हाला.”

“मग पैसे किती देऊ?”

“तुम्हीच काढा. अभ्यासक आहात.”

मी रिकाम्या हाताने वर आलो. आणि जिन्यातच माझ्या लक्षात आले, की रविवार तोंडावर आला आहे आणि माझ्याजवळ मुलाला सांगायला एकही भाव नाही. पुलापलीकडच्या दुकानात जाता आले असते. तिथे प्रत्येक वस्तूवर भाव चिकटवलेला असतो. मी पुलापर्यंत गेलोही. पण भाजीवाल्याचे फ्लॉवर मागे वाळत असताना त्या दुकानात शिरणे मला जमले नाही. मी पुलावरून परत फिरलो. आता पुन्हा ‘बरा आहेस ना’, ‘मी बरा’, ‘ठेवू?’, ‘ठेव’. माणसाचे वय झाले की आपल्याला किती रविवार शिल्लक आहेत हा विचार तो करत नाही, पण एक रविवार असा वाया जाणार म्हटले की मोजू लागतो.

रविवारी हिने तिचे सगळे विषय संपवून फोन माझ्या हातात दिला.

“हं बाबा,” मुलगा म्हणाला, “या आठवड्यात काय काय चढलं?”

“माहीत नाही. भाजीवाला मला भाव सांगत नाही.”

“का?”

मग मी त्याला सगळे सांगितले. फलक, मांजर, निरीक्षक, दोन खिडक्या, भाचीचे लग्न. इतका वेळ मी सलग कधी बोललो होतो मला आठवत नाही. मला वाटले तो हसेल. पण तो हसला नाही.

“बाबा,” तो म्हणाला, “तो फ्लॉवर...”

“हं?”

“तसा भाव नव्हता इथे. म्हणजे असेलही. मी बघितलाच नव्हता. त्या आठवड्यात काहीच वाढलं नव्हतं हो. कांदा तोच, अंडी तीच, लोणी तेच. सगळं सांगून संपलं होतं. मला वाटलं, आता तुम्ही ‘ठेव’ म्हणाल. म्हणून मग दिलं ठोकून.”

खोटा संदर्भ! ग्रंथालयात असतो तर अशा माणसाला मी पुन्हा पुस्तक दिले नसते. मला राग यायला हवा होता. मी त्याची वाट पाहिली. तो आला नाही.

“पण पिशवीत मिळतो, हे?” मी विचारले.

“ते खरं आहे.”

“बरं.”

“रागावलात?”

“नाही रे. पण इथे एका माणसाचा धंदा बसलाय.”

“मी बोलू का त्याच्याशी? माझी चूक आहे.”

“नको. मी बघतो.”

‘मी बघतो’ असे मी आयुष्यात फार थोड्या वेळा म्हटले आहे आणि दर वेळी शेवटी हिलाच बघावे लागले आहे. ही शेजारीच बसली होती. तिने माझ्याकडे एकदा नीट पाहिले, आणि ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली गेलो. दुकानात नावापुरती दोन गिऱ्हाइके होती. चिटणीस आणि प्राध्यापक मोठ्या दुकानाकडे निघालेले, हातात पिशव्या. उभ्या आयुष्यात मी आवाज चढवलेला नाही, त्यामुळे तो कुठून चढवतात याची मला कल्पना नव्हती. तो चिरकत बाहेर पडला.

“ऐका हो! परदेशातला तो भाव चुकीचा होता.”

सगळे थांबले. “किती टक्क्यांनी?” प्राध्यापकांनी विचारले.

“पूर्ण.”

“तुमचा स्रोत काय होता?”

मी पायरीवर उभा होतो. खरे सांगितले असते तर जेवणवेळेपर्यंत साऱ्या इमारतीला कळले असते, की माझा मुलगा बापाला फोनवर खोटे भाव सांगतो. का सांगतो, ते मात्र कुणालाच कळले नसते.

“मीच,” मी म्हणालो. “मनाने काढला.”

“मनाने?” चिटणीस ओरडले. “अहो, फलकावर लावलंय ते!”

“काढून टाका.”

“असं कसं? त्याला ठराव लागेल, सभा लागेल.”

मी फलकाशी गेलो आणि माझा अभ्यास टराटरा फाडला. घाईत शेजारच्या मांजराचे शेपूटही गेले, त्याबद्दल मी तिथेच माफी मागितली. प्राध्यापक माझ्याकडे ज्या नजरेने बघत होते, त्या नजरेने ते यापुढे कायम बघणार आहेत. माझी हरकत नाही.

भाजीवाला सगळे ऐकत होता. “कशापायी केलंत हे आजोबा?” त्याने विचारले. त्याने समोरच्या गिऱ्हाइकाचे बटाटे तोलले, पिशवीत घातले, पैसे घेतले. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “कांदा उतरलाय आज.”

घरी ही चहा घेऊन आली. “मनाने काढला म्हणे! तुम्हाला स्वतःची चप्पल मनाने सापडत नाही.” चहात साखर जरा जास्त होती. ती तिच्या हातून कधी चुकून पडत नाही.

भाचीचे लग्न आटपल्यावर मी तक्रार मागे घ्यायला गेलो, तर समोरच्याचीही सही लागते असे निघाले. शेवटी मी आणि भाजीवाला एकाच बसने तिथे गेलो. खिडकीतल्या गृहस्थांनी विचारले, “तक्रारदार कोण आणि कुणाविरुद्ध?” आम्ही दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवले. येताना त्याने मला खिडकीची जागा दिली. गिऱ्हाइके परत यायला वेळ लागला. काही अजून पुलापलीकडेच जातात, आणि ते बघितले की मी पडद्यामागून बाजूला होतो.

पुढचा रविवार आला. हिने फोन माझ्या हातात दिला.

“इकडे काही चढलं नाही,” मी आधीच कबूल करून टाकले. “कांदा तर उतरला.”

“इथेही काही नाही,” तो म्हणाला. “खरंच नाही, बाबा.”

मी ‘ठेवू?’ची वाट पाहू लागलो. तो आला नाही. त्याच्याकडे नळ चालू होता, काहीतरी खरवडल्याचा आवाज येत होता.

“भांडी घासतोयस?” मी विचारले.

“हो.”

“कुठलं भांडं?”

“पातेलं आहे मोठं. दूध करपलंय काल. निघतच नाहीये.”

“काय सांगतोस!” मी म्हणालो, आणि पायाने खुर्ची जवळ ओढून घेतली.